मनाची सूचना की मंत्रचळ?

चार बायका एकत्र आल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं. मला आधीच वाटलं होतं! कुणाचं ठरलेलं लग्न मोडतं, कुणाच्या धंद्यात भागीदार फसवतो, कुणाच्या लेकीचा सासरहून फोन येतो आणि नुसत्या आवाजावरून आईला कळतं की काहीतरी बिनसलंय. संसाराची ही एक शिदोरीच असते म्हणा ना. वर्षानुवर्षं माणसं बघून मन शहाणं झालेलं असतं आणि ते बरोबर वेळी आपल्याला चिमटा काढतं.

पण इथे नाशिक रोडला मंडळाचं काम करताना मला अशाही बायका भेटतात, ज्यांचं मन त्यांना दिवसातून पन्नास वेळा चिमटा काढतं. गॅस बंद केला ना? कडी लागली ना? हात नीट धुतले गेले ना? देवापुढे हात जोडताना मनात भलताच शब्द आला, आता घरावर संकट तर येणार नाही ना? उठून बघितलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू. या बायकांचा प्रश्न अगदी सरळ असतो. मनाचं ऐकावं असं सगळेच सांगतात. मग आम्ही मनाचं ऐकतो तेव्हा घरचे आम्हाला वेडात का काढतात? मनाची खरी सूचना कुठली आणि मनाचा खेळ कुठला, हे ओळखायचं तरी कसं?

डॉक्टरांच्या भाषेत याचं उत्तर आहेच, ते मी पुढे सांगतेच. पण मला वाटतं, हे उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईच्या आयुष्यात जास्त सोपं होऊन सापडतं. त्या म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. शाळेच्या पुस्तकात त्यांचा एखादा धडा आपण सगळ्यांनीच वाचलाय. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पत्नी, गमतीदार लिहिणारी बाई, एवढंच बहुतेकींना आठवतं. त्यांच्या माहेरची गोष्ट मात्र फार थोड्या जणींच्या लक्षात असते.

जलालपूरचं घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ चा. गाव जलालपूर. नाशिक शहराच्या पश्चिमेला गोदावरीच्या काठावरचं हे छोटंसं गाव. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घर कोकणस्थ ब्राह्मणाचं, त्यामुळे सोवळंओवळं आलंच. पण या घरातलं सोवळं चारचौघांच्या घरासारखं नव्हतं आणि त्यामागे एक मोठं दुःख होतं.

१८५७ च्या बंडाची झळ नाशिकलाही लागली होती. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर भिल्ल आणि ठाकर लोकांनी हल्ला केला. त्या धामधुमीत इंग्रजांनी ज्यांना फासावर चढवलं, त्यात लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर होते. या घटनेचा जबरदस्त धक्का त्यांच्या जावयाला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांना बसला. तेव्हापासून त्यांच्या मनानं सोवळ्याचा ध्यास घेतला तो कायमचा. लक्ष्मीबाई जन्मल्या तेव्हा या गोष्टीला दहा वर्षं होऊन गेली होती. म्हणजे त्यांनी डोळे उघडले तेच या घरात.

घरात येणारी प्रत्येक वस्तू विटाळलेली असणार, असा वडिलांना संशय. म्हणून ती धुऊन घ्यायची. धान्य धुवायचं हे आपण समजू शकतो. पण मीठ आणि साखर? तीही पाण्यातून काढायची. धुतलेल्या मिठाचं आणि साखरेचं काय होतं हे आपल्यापैकी कुणालाही सांगायला नको. हे सगळं निस्तरायचं कुणी, तर आईनं. पाणी भरणं, धुणं, पुन्हा धुणं, वाळवणं, आणि त्यात कुणाचा स्पर्श झाला की परत पहिल्यापासून. लेकरांनी इकडे हात लावला, तिकडे शिवलं, म्हणून त्यांच्या मागेही तोच जाच.

लक्ष्मीबाईंनी हे सगळं म्हातारपणी लिहिलं, तेही हसत हसत. त्यामुळे वाचताना आपणही हसतो. पण जरा थांबून त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. स्वतःचा बाप फासावर गेलाय, त्याचं दुःख करायलाही उसंत नाही आणि नवऱ्याच्या मनातली भीती धुण्यात सगळा जन्म चाललाय.

रीत कुठे संपते?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्या काळी आजूबाजूच्या सगळ्याच घरांत सोवळं पाळलं जाई. स्पर्शास्पर्शाची ती रीत माणसाला माणसापासून तोडणारी होती, ती चुकीचीच. पण तिला एक हद्द होती. शेजारचा माणूस आंघोळ करी, सोवळं नेसे, पूजा करी, जेवे आणि कामाला लागे. त्याचं सोवळं पुरं होई. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं कधी पुरंच होत नसे. धुतलं तरी धुतल्याची खात्री वाटत नसे. रीत आणि आजार यांतला फरक हाच आहे.

आपल्या जुन्या मराठीत या आजाराला फार नेमका शब्द आहे, मंत्रचळ. आजचे डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. जाऊन शंभर वर्षांहून जास्त काळ झालेल्या माणसाला आपण आजाराची चिठ्ठी चिकटवू नये, तो डॉक्टरांचाही अधिकार राहिलेला नाही. पण लक्षणं ओळखीची आहेत एवढं म्हणता येतं. मनात नकोसा विचार घुसतो, त्यानं जीव कासावीस होतो, तो घालवण्यासाठी माणूस एखादी गोष्ट करतो. धुतो, तपासतो, मोजतो, नाहीतर मनातल्या मनात जप म्हणतो. घटकाभर सुटल्यासारखं वाटतं. पण त्या सुटकेमुळेच मनाला खोटी समजूत पटते, की मी धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी जोरात येते. असं हे रहाटगाडगं.

दर शंभर माणसांत साधारण एक ते तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, असं वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या सांगतात. म्हणजे आपल्या गल्लीतही असं एखादं घर असणारच. बहुतेकांना सुरुवात लहानपणी किंवा तरुणपणी होते. बाळंतपणानंतरही कधीकधी हा त्रास डोकं वर काढतो. बाहेरचा धक्का, घरातला मृत्यू याही निमित्तानं तो उसळू शकतो. लाजेपायी माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

लक्ष्मीबाईंच्या मनाची परीक्षा

अशा घरात वाढलेल्या मुलीचं लग्न वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास झालं. नवरा नारायण वामन टिळक. कवी, विद्वान, मनानं राजा, पण एका जागी न टिकणारा आणि तापट. घरातून न सांगता निघून जायचं, हातातले पैसे कुणालाही देऊन टाकायचे, आज हे गाव तर उद्या ते. बायकोला अक्षरओळख झाली ती संसार करता करता. जोडाक्षरं तर त्यांना शेवटपर्यंत नीट जमली नाहीत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळात ब्राह्मण घरात ही बातमी म्हणजे जिवंतपणी मरण. लक्ष्मीबाई कोलमडल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपूरला बहिणीकडे राहिल्या. नवरा जिवंत आहे, त्याच्यावर जीव आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. नातेवाइकांचं म्हणणं एक, मनाची ओढ दुसरी. याच वियोगाच्या दिवसांत त्यांना कविता सुचू लागली.

आता बघा, या बाईच्या मनात त्या वेळी दोन आवाज असणार. एक आवाज म्हणे, नवऱ्याकडे जा. दुसरा म्हणे, गेलीस तर बाटशील. दोन्ही आतलेच. दुसरा तर लहानपणापासून कानात बसलेला, वडिलांच्या धाकानं पक्का झालेला. विटाळाची ती शिसारी अंगात इतकी भिनलेली असते, की तीच आपल्याला मनाची खरी सूचना वाटते. आपण म्हणतो, मला आतूनच नको वाटतं. पण आतून वाटणारी प्रत्येक गोष्ट अंतर्मनाची हाक नसते. कितीतरी वेळा ती नुसती शिकवलेली भीती असते.

लक्ष्मीबाईंनी काय केलं? त्यांनी एका झटक्यात काहीच केलं नाही. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या. (त्या नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय.) आल्या, पण आपलं सोवळं घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. तापट म्हणून ज्याची ख्याती, त्या माणसानं बायकोच्या मनाला मात्र अवसर दिला.

आणि मग एक दिवस स्वतःशीच विचार करता करता त्यांना उमगलं, की या जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसानं केल्यात. एकदा हे पटल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की आता कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. तोवर त्यांनी धर्म बदललेला नव्हता. म्हणजे धर्मांतर करायचं म्हणून सोवळं सोडलं असं झालं नाही. आधी मनाची गाठ सुटली. बाप्तिस्मा त्यांनी नंतर, १९०० साली घेतला.

जलालपूरच्या घराची आठवण ठेवून हे वाचा म्हणजे त्यातलं मोठेपण कळेल. वडिलांना भीती पटली आणि ती वाढत गेली. लेकीनं भीतीला प्रश्न विचारला आणि ती विरघळली. लेक शहाणी आणि बाप वेडा, असं मात्र मी म्हणणार नाही. वडिलांचं मन आजारी होतं आणि आजारी मनाला नुसत्या विचारानं सुटका मिळत नाही. लेकीचं मन निरोगी होतं, तिला विचार पुरला. हा फरक लक्षात ठेवला तर आपण मंत्रचळ झालेल्या माणसावर उगाच रागावणार नाही.

मनाची गाठ सुटल्यावर

पुढचं आयुष्य पाहिलं की कळतं, मोकळं झालेलं मन किती काम करू शकतं. १८९९-१९०० चा दुष्काळ आठवा, आपल्याकडे त्याला छपन्नचा दुष्काळ म्हणतात. राहुरीला असताना टिळकांच्या घरात अनाथ पोरांचा मेळा जमला. त्यांच्या जेवणाखाण्याचं, आजारपणाचं, डोक्यातल्या उवांचं सगळं लक्ष्मीबाई बघत. नगरला प्लेग आला तेव्हा प्लेगच्या छावणीत राहून त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ज्या घरात मीठ धुतलं जाई, त्या घरची ही लेक.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं मोठं काव्य अपुरं राहिलं होतं. त्याचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. उरलेलं सगळं जोडाक्षरांशी झुंजणाऱ्या या बाईनं पुरं केलं. मुलाच्या, देवदत्तच्या नोकरीमुळे काही काळ त्या कराचीलाही राहिल्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागानं प्रसिद्ध होऊ लागलं आणि मराठी बायकांच्या आत्मचरित्रांत त्याला वरचं पान मिळालं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकलाच त्यांचं निधन झालं.

मग ओळखायचं कसं?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मनात एखादी गोष्ट आली, तर ती सूचना की मंत्रचळ, हे पारखायला मला चार खुणा उपयोगी वाटतात. डॉक्टरांचं म्हणणं आणि लक्ष्मीबाईंचं आयुष्य दोन्ही समोर ठेवून मी त्या सांगते.

पहिली खूण, शेवट आहे का? खरी सूचना काम झालं की गप्प बसते. मुलीचा आवाज उतरलेला वाटला, तुम्ही तिला भेटून आलात, बोललात, मन शांत झालं. मंत्रचळ असेल तर बघून आलं तरी पुन्हा बघावंसं वाटतं. कडी दहादा ओढली तरी अकराव्यांदा हात जातो.

दुसरी खूण, तिला कारण आहे का? सूचनेमागे बहुधा काहीतरी पाहिलेलं-ऐकलेलं असतं, मग ते लगेच सांगता येवो की न येवो. नवऱ्याचा मित्र आला की मुलगी आतल्या खोलीत जाते, हे तुमच्या डोळ्यानं टिपलेलं असतं. अशी सूचना कधीही दुर्लक्षू नका. मंत्रचळाची सुरुवात मात्र जर-तरनं होते. जर झालं तर? जर राहिलं असेल तर? समोर पुरावा काहीच नसतो आणि मन मात्र शंभर टक्के खात्री मागतं. शंभर टक्के खात्री या जगात कशाचीच मिळत नाही.

तिसरी खूण, तिला प्रश्न विचारता येतो का? सूचनेवर चारचौघींशी बोललं, रात्रभर विचार केला तर ती पक्की तरी होते नाहीतर खोटी तरी ठरते. आपलं मन चुकूही शकतं, हे खरी सूचना मान्य करते. मंत्रचळ वाट बघू देत नाही. आत्ताच्या आत्ता कर, नाहीतर काहीतरी भयंकर होईल, असा त्याचा तगादा असतो.

चौथी खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तो विचार तुमच्या स्वभावाशी जुळतो की तुमच्या स्वभावाच्या अगदी उलट आहे? बाळंतीण तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली असते आणि एकदम मनात येतं, माझ्या हातून याला काही इजा झाली तर? ती घाबरून थिजते. कुणाला सांगणार? सांगितलं तर बाळ काढून घेतील असं वाटतं. मैत्रिणींनो, असे नकोसे विचार कितीतरी नव्या आयांच्या मनात येऊन जातात. ज्या विचारानं तुमचा थरकाप होतो, तो तुमची इच्छा नसतो. ज्या आईला बाळ जिवापाड प्रिय असतं, तिच्याच मनात तो जास्त टोचतो. मंत्रचळ नेमकी आपली सर्वांत प्रिय गोष्ट धरतो. देवभोळ्या बाईला देवाबद्दलचे वाईट शब्द, स्वच्छ बाईला घाण, प्रेमळ आईला इजा.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. बाळंतिणीला कानात आवाज येऊ लागले, रात्रंदिवस झोप नाही, ती विचित्र बोलू लागली किंवा तो विचार तिला बरोबरच आहे असं वाटू लागलं, तर तो वेगळा आजार असतो. तिथे एक दिवसही थांबू नका. तिला आणि बाळाला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

घरच्यांनी काय करावं?

जलालपूरच्या त्या घरात आईनं धुणं नाकारलं असतं तर? त्या काळी बिचारीला ते शक्यच नव्हतं. पण आज आपल्याला कळतं, की घरच्यांनी मंत्रचळाची सेवा केली तर तो पोसला जातो. नवऱ्यासाठी सगळं घर तीनदा पुसणारी बायको, सासूबाईंच्या शंकेपायी दिवसातून चारदा कपडे बदलणारी सून, आईनं वीस वेळा विचारलं म्हणून वीस वेळा हो, गॅस बंद आहे असं सांगणारा मुलगा. सगळे प्रेमानंच करतात. पण त्यानं भीतीला खतपाणी मिळतं.

म्हणून काय, उद्यापासून खडसावून सगळं बंद करायचं? तेही नको. ओरडल्यानं, चेष्टा केल्यानं त्रास वाढतो. आधी बोलावं, हा तुझा दोष नाही, हा आजार आहे आणि यावर इलाज आहे. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं, दोघांनी मिळून ठरवून, थोडं थोडं कमी करत जावं.

इलाजाची रीत ऐकली तर तुम्हाला लक्ष्मीबाई आठवतील. मानसतज्ज्ञ रुग्णाला भीतीच्या समोर पायरीपायरीनं उभं करतात आणि नेहमीची धुण्या-तपासण्याची क्रिया करू देत नाहीत. आधी सोपी पायरी. दाराच्या कडीला हात लावायचा आणि दहा मिनिटं हात धुवायचे नाहीत. मग वीस मिनिटं. भीती चढते आणि न धुताही आपोआप उतरते. हे मनाला पुन्हा पुन्हा अनुभवानं कळतं तेव्हा त्याची पकड सैल होते. जोडीला औषधंही असतात. त्यांचा गुण यायला बऱ्याचदा दोन-तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत ती सोडून देऊ नयेत. स्वतःच्या मनानं सुरू करू नयेत आणि मनानं बंदही करू नयेत.

मंत्रचळ फक्त आपल्याकडच्या सोवळ्यातच असतो असं कुणी समजू नये. स्पेनचे संत इग्नेशियस लोयोला सोळाव्या शतकातले. पुढे त्यांनी जेझुइट संघ स्थापन केला. तरुणपणी त्यांना पापांच्या शंकेनं भंडावून सोडलं होतं. धर्मगुरूपुढे कबुली देऊन झाली तरी काहीतरी सांगायचं राहिलं अशी शंका. पुन्हा कबुली, पुन्हा शंका. जीव द्यावा इथपर्यंत मजल गेली. शेवटी त्यांनी ठरवलं की जुन्या पापांची कबुली आता पुन्हा द्यायचीच नाही, आणि तिथून त्यांची सुटका झाली. आपल्याकडे पाणी, त्यांच्याकडे कबुली. भीतीची जात एकच.

दार ठोठवा

आपल्या गावात असं कुणी असेल, आणि ती स्वतः तुम्ही असलात तरी, अंगारे-धुपारे आणि देवर्षी यात वर्षं घालवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. सरकारची टेली-मानस ही मोफत फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र कधीही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. नाव-गाव सांगायची लाज वाटत असेल तरी फोन करा. दिवसाचा तासाहून जास्त वेळ या विचारांत आणि क्रियांत जात असेल, त्यापायी स्वयंपाक, नोकरी, झोप अडत असेल, तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली असं समजा. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर वेळ मोजत बसू नका, त्याच घटकेला कुणाला तरी सांगा.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांना हा आधार मिळाला नाही. त्यांच्यासाठी तेव्हा ना डॉक्टर होता ना औषध. सासऱ्याच्या फाशीचं ते दुःख पाण्यानं धूत राहिले आणि त्यांच्याबरोबर सगळं घर ओलं होत राहिलं. आज तसं व्हायचं कारण नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचनालयात मिळतं. या उन्हाळ्यात ते पुन्हा काढून वाचा, लेकीसुनांनाही द्या. हसता हसता वडिलांच्या सोवळ्याची पानं आली की थोडं थांबा आणि आपल्या घरातल्या, शेजारच्या कुणाचा चेहरा डोळ्यासमोर येतोय का ते बघा. आला, तर ती मात्र तुमच्या मनाची खरी सूचना समजा आणि त्या माणसाला जाऊन भेटा.